सतराफुटी, हिरवी, कॉमन सेन्स

"इंडियन कनू आहे," विकणारा म्हणाला आणि माझ्याकडे बघून स्वतःच्याच विनोदावर हसला. मी किंमत पाडून घेतली.

न्यू हॅम्पशरमधल्या त्या कोठाराच्या माळ्यावर होडी पालथी पडली होती. पाटीबिटी नव्हती. पाटीवर विसंबायचंही नसतं. पडते, दुसरी कुणी ठोकतो. घरी आणून टॉर्च घेऊन आत आडवा झालो आणि टोकाशी वर वळत जाणारा कणा जुन्या टूथब्रशने घासला. वार्निशखालून आकडे उमटले: आधी लांबलचक नंबर, मग जागा सोडून 17. दुसऱ्या टोकालाही तेच. सतरा फूट लांब, मेन राज्यातल्या ओल्ड टाउन कंपनीची.

या कंपनीचं दप्तर टिकलंय, होडीगणिक एक कार्ड. माझीचं मॉडेल 'एचडब्ल्यू', म्हणजे हेवी वॉटर, लाटांच्या पाण्यासाठी. प्रत 'सीएस', म्हणजे कॉमन सेन्स. 'एए' ही उंची प्रत. आमची आपली बेताच्या अकलेची. रंग गडद हिरवा. फळ्या, कॅनव्हास, वार्निश, रवानगी, सगळ्याच्या तारखा. माझ्या आजोबांच्या जन्माची नोंद 'पुराच्या साली' एवढीच होती.

मात्र हिरव्याचा मागमूस नव्हता. 1945 नंतर ॲल्युमिनियमच्या कनू आल्या, मग फायबरग्लासच्या, आणि कुण्या हौशी माणसाने कॅनव्हास फाडून हिच्यावरही फायबरग्लास थापलं होतं. हीट गनने मऊ करून ते सोलायला महिना गेला. घाई केली की सिडारची जेमतेम चार मिलिमीटरची फळी सोबत उचकटते. दोन उचकटल्याच.

सोलता सोलता बांधणीचा क्रम कळला. कारखान्यात लोखंडी पट्ट्या मारलेल्या साच्यावर आधी बरगड्या वाफवून वाकवत, त्यावर फळ्या ठोकत; पितळी टाचणीचं टोक पट्टीवर आपटून लाकडात परत वळे. कातडी, म्हणजे कॅनव्हास, शेवटी. ओल्ड टाउनसमोर, पेनॉब्स्कॉट नदीतल्या बेटावर, पेनॉब्स्कॉट लोकांची वस्ती आहे. त्यांची पद्धत नेमकी उलटी: आधी भूर्जाची साल जमिनीवर अंथरायची, दगडांनी दाबायची, कडा उभ्या करायच्या, मुळांनी शिवायची, मग आत सिडारच्या पातळ फळ्या आणि सगळ्यात शेवटी बरगड्या ठोकून साल ताणायची. मालवणला वाढलेल्या माझ्या डोक्यात होडी म्हणजे आधी लाकूड. आधी कातडं, मग हाडं, हे पचायला वेळ लागला. 1870 नंतरच्या दशकांत बँगोरच्या कारागिरांनी सालीऐवजी कॅनव्हास घेतला. इव्हान गेरिश हा त्यांतला पहिल्या काहींपैकी. क्रम उलटला, आकार पेनॉब्स्कॉटांचाच राहिला. विकणाऱ्याच्या विनोदात तेवढं खरं होतं.

पाच बरगड्या बदलल्या. वाफेतून काढल्यावर लाकूड अर्धा मिनिटच ऐकतं. तिसरी मोडली, कारण मी हातमोजे शोधत होतो. कॅनव्हासच्या भरणात पूर्वी जवसाच्या तेलाबरोबर सफेदा, म्हणजे शिसं घालत. मी बिनशिशाचं भरलं आणि महिनाभर सुकू दिलं. बायको म्हणाली, आता तरी लाल रंग दे, लांबून दिसेल.

कार्डावर हिरवा होता. हिरवाच दिला.