पाळण्यांतील एकान्त

इसवी सन १९४५ मध्यें रेने स्पिट्झ या व्हिएन्ना येथें जन्मलेल्या वैद्यानें दोन संस्थांतील तान्ह्या मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पहिली संस्था अनाथ बालकांची. जागा स्वच्छ, आहार चांगला, वैद्यांची देखरेख नित्याची. दुसरी स्त्रियांच्या तुरुंगांतील बालशाळा. तेथें बंदिवान माता स्वतःच आपल्या मुलांना खेळवीत. अनाथगृहांत सुमारें आठ मुलांमागें एक परिचारिका असे, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या असल्यामुळें मुलांच्या दृष्टीस छतापलीकडे कांहीं पडत नसे. पुढील वर्षींच्या पुरवणी वृत्तान्ताप्रमाणें तेथील ९१ मुलांपैकीं ३४ दोन वर्षांत दगावलीं. तुरुंगांत एकही दगावलें नाहीं. स्पिट्झच्या पद्धतीवर मागाहून पुष्कळ टीका झाली व तींतील कांहीं रास्तही होती. पण ३४ हा आंकडा तिनें पुसला गेला नाहीं.

एवढें ठाऊक झालें असतांही रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू यानें लोकसंख्या वाढविण्यासाठीं १९६६ मध्यें गर्भपातास जवळजवळ संपूर्ण बंदी केली. गरिबीनें गांजलेल्या आईबापांनीं न पोसवणारीं मुलें सरकारी बालगृहांच्या स्वाधीन केलीं. डिसेंबर १९८९ मध्यें ती राजवट कोसळली, तेव्हां अशा मुलांची संख्या लाखाहून अधिक भरली. बालगृहें पाहावयास गेलेल्यांना तेथील शांततेनेंच धक्का बसला. रडल्यानें कोणी येत नाहीं, हें उमगून मुलें रडेनाशीं झालीं होतीं.

पुढें नेल्सन, फॉक्स व झीना या अमेरिकन संशोधकांनीं बुखारेस्टच्या बालगृहांतील १३६ मुलें निवडून त्यांपैकीं निम्मीं, चिठ्ठ्या टाकून, पालक कुटुंबांकडे सोपविलीं. बाकीच्यांना मागें कां ठेवलें? अशीं कुटुंबें त्या वेळीं शहरांत जवळजवळ नव्हतींच, हें त्याचें उत्तर. त्यानें मनाचें पुरतें समाधान होत नाहीं. या मुलांच्या मेंदूंतील विद्युल्लहरी आरंभीं क्षीण होत्या. दुसरें वर्ष पुरें होण्यापूर्वीं ज्यांना घर लाभलें, त्यांच्या लहरी आठव्या वर्षीं इतर मुलांसारख्या झाल्या. उशिरा गेलेल्यांच्या झाल्या नाहींत. मेंदूंतील करडें द्रव्य तर दोन्ही गटांत कमीच राहिलें.

भय वाटलें कीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत उतरतो, आणि जवळच्या माणसाचा हात पाठीवरून फिरला कीं ओसरतो. बालगृहांत राहिलेल्या मुलांत सुमारें बाराव्या वर्षीं ही यंत्रणाच मंदावलेली आढळली.

रुमानियानें २००४ च्या कायद्यानें दोन वर्षांखालील मुलांस बालगृहांत ठेवण्यास मनाई केली. तीव्र व्यंग असलेलीं मुलें मात्र त्यांतून वगळलीं.