स्कीचा बूट आणि पाय
स्की या खेळात, म्हणजे पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरण्यात, पायाची लहानशी हालचालही बुटामार्फत फळीपर्यंत पोचावी लागते. त्यामुळे बूट घट्टही हवा आणि सोसवणाराही हवा, आणि या दोन गरजांचा मेळ घालण्याची खटपट हाच त्याच्या इतिहासाचा गाभा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे बूट चामड्याचे व नाडीचे असत. वापराने ते पायाचा आकार घेत, परंतु ओलाव्याने मऊ पडून घोट्याला आधार देईनासे होत. १९५० च्या दशकात हेंके या स्विस कंपनीने नाडीऐवजी धातूची बकले आणली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग यांनी प्लास्टिकचे कवच रूढ केले, तेव्हा फळीवरील नियंत्रण कमालीचे वाढले, मात्र वापराने न सैलावणारे हे कवच नडगीला आणि घोट्याच्या हाडाला असह्य बोचू लागले. पायाने बुटाला सरावण्याऐवजी बूटच पायाला जुळवण्याची कारागिरी यातूनच बहरली, आणि ती कवचाच्या शोधाइतकीच मोलाची मानली पाहिजे: लायनरमध्ये, म्हणजे आतल्या मऊ अस्तरात, पायाभोवती फेस भरून तो घट्ट होऊ देणे, पुढे उष्णतेने आकार घेणारी अस्तरे, आणि हाड टोचते नेमक्या त्या जागी कवच तापवून बाहेरच्या बाजूला फुगवणे.