तर्खडची शिकवणी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या वसईत दारोदार कंदील लागले होते आणि शेजारची मुलगी मात्र इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न सोडवीत बसली होती. परदेशात परिचारिकेची नोकरी हवी, तर तिला आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणे भाग होते. पहिल्या खेपेस लेखनात अवघा अर्धा बँड कमी पडला. फीचे पैसे वडिलांनी कसे जमवले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

"काका, गाळलेल्या जागा बरोबर भरते हो, निबंध लिहायला घेतला की चुकते."

मी म्हटले, "आपले तर्खड ठाऊक आहे ना? इंग्रजीची शिकवणी त्या गावाच्या नावाने चालत आली आहे."

वाचकहो, तर्खड हे वसईजवळचे गाव. तेथल्या तर्खडकर घराण्यातले दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या मुंबईच्या घरी १८७८ साली १७ वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर राहिले होते. विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा, हा हेतू. शिकवणारी कोण, तर आत्मारामांची विलायत पाहून आलेली कन्या अन्नपूर्णा! पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कैक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेची रीत अशी, की मराठी वाक्याचे इंग्रजी करा आणि इंग्रजीचे मराठी. दोन भाषा शेजारी बसवल्या, की दोघींचे स्वभाव कळतात.

परीक्षांनीही रीत बदलली आहे. १९६४ साली सुरू झालेल्या टोफेलमध्ये पूर्वी वाक्यरचनेचा स्वतंत्र विभाग असे. २००५ साली आलेल्या इंटरनेटवरील परीक्षेत तो राहिला नाही. १९८९ पासूनच्या आयेल्ट्समध्येही व्याकरणाची वेगळी प्रश्नपत्रिका नाही. लेखनाचे आणि संभाषणाचे चौथाई गुण मात्र व्याकरणाचेच.

मी तिची निबंधाची वही मागितली. 'मी दहा वर्षांपासून वसईत राहते' हे सांगताना तिने 'सिन्स टेन इयर्स' लिहिले होते. वर्गात अशा वाक्यावर मी वर्षानुवर्षे तांबडी रेघ ओढत आलो. चूक का होते, हे कधी सांगितले नाही. त्या रात्री माझीच मला लाज वाटली. आपण '२०१५ पासून' म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून'ही म्हणतो. मराठीला एक 'पासून' पुरतो. इंग्रजीला आरंभ सांगायला 'सिन्स' लागतो, मुदत सांगायला 'फॉर'. शिवाय आपले साधे 'राहते' तेथे चालत नाही. 'हॅव बीन लिव्हिंग' म्हणावे लागते. म्हणजे पोरगी अडाणी नव्हती; ती इंग्रजी शब्दांत शुद्ध मराठी लिहीत होती!

"आता प्रत्येक चुकीशेजारी मूळ मराठी वाक्य लिही," मी सांगितले.

भाऊबीजेला ती करंज्यांचे ताट घेऊन आली. ताटाखाली वही होती. अकरा चुका तिने स्वतःच शोधल्या होत्या, कारणांसह. परीक्षेत काय व्हायचे ते होवो. सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा पहिल्याच वहीत मला 'सिन्स फाइव्ह इयर्स' भेटले. मी रेघ ओढली नाही. शेजारी फक्त लिहिले, 'पासून?' आणि त्या मुलाला जवळ बोलावले.