दुसऱ्याच्या पेटीतून गेलेली पत्रे



पाड्यावर टपालघर नाही म्हणून पत्र कधी अडून राहिले आहे काय? डोळखांबला बाजारासाठी निघालेल्या माणसाच्या हाती ते द्यायचे. तो पेटीत टाकी, की पुढे शहापूरच्या वाटेने ते मुंबईला पोचे.

ई-मेलचे, म्हणजे विजेच्या टपालाचे, आपल्याकडे असेच झाले. 1986-87च्या सुमारास जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ लागली. ‘अर्नेट’ या जाळ्याची ती सुरुवात. फोन लावायचा, साठलेली पत्रे पलीकडे द्यायची, तिकडची घ्यायची, की फोन खाली! परदेशी टपालाचे नाकेही जुहूलाच होते. मद्रासच्या संशोधकाचे अमेरिकेचे पत्रसुद्धा जुहूवरून जाई.

अशी ने-आण करण्याचा नियम अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहून काढला होता. त्यात एक भोळेपणा होता. पत्र आणणाऱ्याला ‘बाबा, तू कोण?’ असे विचारायची सोयच नव्हती. ओळखीपाळखीच्या मंडळींत ते खपून गेले. पुढे जाहिरातवाले शिरले आणि परक्याच्या यंत्रातून फुकट पत्रांचे ढीग पाठवू लागले. (विजेच्या पत्राला अर्ध्या आण्याचेही तिकीट लागत नाही, हे विसरू नका!) मग दारे बंद झाली. 1998 साली पत्रे स्वीकारण्यासाठी 587 क्रमांकाची वेगळी खिडकी ठरली. 1999 साली नाव आणि परवलीचा शब्द विचारण्याची रीत आली.

शाळेचे प्रवेशाचे संकेतस्थळ करणाऱ्या गुरुजींना हे ठाऊक हवे. पालकाने अर्ज भरला की संकेतस्थळ पोच पाठविते, पण शाळेचे स्वतःचे टपालयंत्र नसते. नसू द्या. पत्र एखाद्या टपालसेवेच्या खिडकीवर द्यावे. मात्र परवलीचा शब्द पानात लिहू नये. वाचणाऱ्याला तो दिसतो. तो यंत्रावर वेगळा, झाकून ठेवावा. आणखी एक चूक फार होते. अर्जाची प्रत शाळेकडे येताना ‘पाठविणारा’ म्हणून पालकाचाच पत्ता घातला जातो. घेणारे यंत्र पाहते, की या पत्त्याच्या वतीने पत्र देण्याची या खिडकीला मुभा आहे काय? नसेल, तर पत्र कचऱ्यात जाते. बिचारा अर्ज मुदतीत भरूनही शाळेला दिसत नाही. पाठविणारा म्हणून शाळेचा पत्ता लिहावा, आणि उत्तर द्यायच्या जागी पालकाचा.