दप्तरातील अक्षर आणि दुसरी नजर

१/ २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली. कुणबी नोंदींच्या त्या शोधासाठी उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार बोलवावे लागले. नोंद करणारे कारकून कधीच काळाआड गेले होते. त्यांनी लिहिलेल्या एका शब्दावर मात्र हयात माणसांचे दाखले अवलंबून होते. लेखनाचा दर्जा घसरल्याची आजची तक्रार या दप्तरांसमोर ठेवून पाहावी.

२/ हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे याच मुलखातले गाव. हा मुलूख एके काळी देवगिरीच्या यादवांचा. त्यांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे लोकांचा हेमाडपंत. ‘मेस्तक’ या नावाने ओळखला जाणारा मजकूर परंपरेने त्याच्या नावावर आहे. पत्राचा मायना कसा असावा, हिशेब कसा मांडावा, कारकुनाने कसे वागावे, याचे ते शिक्षण होते. सरकारी लेखन ही शिकून घ्यायची विद्या मानली जात होती.

३/ शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू. मराठी दप्तरातील पत्रांवर नोंदीचे शेरे पडत आणि अखेरीस मोर्तबाची मुद्रा उमटे. मुद्रेपुढे मजकूर वाढवायला वाव नसे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, मुद्रा करणारा तिसरा अशी ती साखळी होती.

४/ निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. १९१८ मध्ये हैदराबादला उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. ही उर्दू कसलेली, घोटीव होती. पण मराठी बोलणाऱ्या कुळाला आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. उत्तम लेखनही वाचकाला पारखे असू शकते, हा धडा मराठवाड्याने असा अनुभवून घेतला.

५/ वृत्तपत्रांकडे वळले, तर तक्रार नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी घेऊन. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तीच मराठी भाषेच्या तत्कालीन अवस्थेची चिकित्सा करत. भाषा बिघडल्याची खंत प्रत्येक पिढीने केली. म्हणून केवळ खंत हा ऱ्हासाचा पुरावा ठरत नाही.

६/ हैदराबाद संस्थानात मराठी पत्र चालवणे जोखमीचे होते. आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा ते वेगळ्या नावांनी पुन्हा निघाले. जिथे मजकुरापायी पत्र बंद पडू शकते, तिथे शब्द तोलूनच लिहावा लागतो. पुढे अनंत भालेरावांच्या संपादकीय कारकिर्दीत याच पत्राचा अग्रलेख मराठवाड्याचा आवाज ठरला.

७/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले. पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. पदांना मराठी नावे देणाऱ्या ‘पदनामकोशा’ला आचार्य अत्र्यांनी ‘बदनामकोश’ म्हटले. कागद मराठी झाला, तरी तो सामान्यांना कळेलच असे नव्हते.

८/ खिळ्यांच्या छपाईत चूक महाग पडे. जुळलेल्या ओळीतील एक अक्षर बदलायचे, तर खिळे उपसावे लागत. म्हणून बातमी उपसंपादकाच्या हाताखालून जाई, जुळारी ती जुळवी आणि मुद्रितशोधक कच्च्या प्रतीवर खुणा करी. वार्ताहर कसाही लिहो, वाचकापर्यंत एकट्याचे लेखन पोहोचत नसे.

९/ संगणकाने ही साखळी आखूड केली. दुरुस्ती स्वस्त झाली, आणि दुरुस्त करणारा माणूसच अनावश्यक वाटू लागला. अनेक ठिकाणी मुद्रितशोधकाचे पद उरले नाही. मोबाइलवर आलेले प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे बातमी होऊन छापले जाते. कार्यालयांतही जुन्या आदेशात तारीख बदलून नवा आदेश तयार होतो. मागच्या नावागावांचे अवशेष त्यात राहून जातात.

१०/ इथे एक भेद करावा लागतो. मराठवाड्याच्या बोलीतले ‘पानी’ म्हणजे ऱ्हास नव्हे. ती बोलीची स्वतःची रीत आहे. ‘दिन’चा ‘दीन’ होणे ही चूकच, पण ती वाचकाला बहुधा ओळखता येते. खरा ऱ्हास ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ अशा निर्दोष वाक्यात दडलेला असतो. कोण करील, कधी करील, न केल्यास दाद कुठे मागायची, यांपैकी काहीच त्यात नसते. शुद्धलेखनाच्या नियमांना ते वाक्य सापडत नाही; ते पकडायला जाणता वाचकच लागतो.

११/ डोंगरकडा परिसरात केळीच्या बागा आहेत. वादळात बाग आडवी झाली की पंचनामा लिहिला जातो. गट क्रमांक, क्षेत्र, नुकसानीचा प्रकार, एवढाच तो मजकूर. त्यातला एक अंक चुकला, तर भरपाई अडते आणि शेतकरी हेलपाटे घालतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा ग्रंथांनी मिळवून दिला. या पंचनाम्यातील मराठीचा दर्जा मात्र सहीपूर्वी तो कागद दुसऱ्या कोणी वाचला की नाही, यावर ठरत राहील.