भांगेचे झाड आणि परवान्याचा प्रश्न

भांग म्हटले की हसू येते आणि गांजा म्हटले की पोलीस आठवतो. पण याच झाडाच्या सालीपासून दोर होतो, कापडही होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याला कारण आहे. आपल्या परतूरकडच्या शेतकऱ्याला वाख दिला तो अंबाडीने. कासरा, दावे, चऱ्हाट तिच्यातूनच वळले गेले. भांगेचा धागा काढण्याची रीत होती ती कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत. दख्खनेत हे झाड लोकांनी ओळखले ते नशेसाठी, आणि सरकारने ओळखले ते महसुलासाठी.

1893 साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला, तेव्हा मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याने 1,193 साक्षी घेतल्या. 1894 चा त्याचा निवाडा असा : माफक सेवनाने फारसा अपाय नाही, सरसकट बंदी नको, कर बसवावा आणि लागवड परवान्याखाली ठराविक जागी आणावी. निवाडा शहाणपणाचा खरा. पण परवान्याची वाट लहान कुणब्याच्या बांधावरून क्वचितच जाते.

पुढे 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजाची बेकायदा लागवड हा भारी गुन्हा ठरला. मात्र त्याच कायद्याच्या 14 व्या कलमात, केवळ धागा वा बी यांसाठी लागवडीस परवानगी देण्याची मुभा सरकारने राखली. तिचा उपयोग 2018 साली प्रथम केला उत्तराखंडाने. तिथे धाग्याची जुनी ओळख होती ना! आपल्याकडे 2021 साली सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, तो गांजा लावण्यासाठी. अर्जाची थट्टा झाली. पण त्याचे गाऱ्हाणे होते इतर पिकांना भाव न मिळण्याचे, आणि त्यावर कोणी हसू नये.

विरोधक म्हणतात, नशेचे झाड आणि धाग्याचे झाड शेतात वेगळे कसे ओळखावे? आक्षेप रास्त आहे. उत्तराखंडाने नशेच्या द्रव्याची मर्यादा 0.3 टक्के ठेवली. ती प्रयोगशाळेतच कळते, डोळ्यांना नाही. मग तपासणीचा खर्च कोणाचा? मर्यादा ओलांडली म्हणून पीक गेले, तर नुकसान कोणाचे?

आम्ही कामगारांत उभी हयात घालवली, म्हणून आमचे मत सरळ आहे. परवानगी द्यावी, पण परवाना शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला द्यावा, तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, आणि वाख सोलणाऱ्या बाईमाणसाची मजुरी परवान्याच्या अटींतच लिहावी. एवढे होत नसेल, तर कायदा बदलूनही मालक तेवढे बदलतील. मजूर होता तिथेच राहील.