नागपूरचे ऑल सेंट्स देवालय

भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती धर्माच्या खुणा शोधू गेल्यास प्रथम भेटते ते स्कॉटिश मिशन. इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाचे मुख्य पीठ पाहावयाचे तर सुमारे साठ किलोमीटर पश्चिमेस नागपुरास जावे लागते. एकाच धर्माची ही दोन घरे इतकी वर्षे वेगळी का राहिली, हा प्रश्न आम्हांस त्या इमारतीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

ऑल सेंट्स देवालय बांधले गेले १८५१ साली. हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते आणि भंडारा त्यांच्याच राज्यात मोडत होता. राजे १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. म्हणजे साहेबांचे देवालय आधी उभे राहिले, साहेबांचे राज्य मागाहून आले! पुढे १८७९ त बॉडली या नामांकित इंग्रज स्थापत्यविशारदाच्या आराखड्याप्रमाणे ते वाढविण्यात आले, आणि १९०३ त आयर चॅटर्टन हे नागपूरचे पहिले बिशप झाल्यावर त्यास कॅथीड्रलची प्रतिष्ठा लाभली.

या पंथाच्या सरकारी पाद्र्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून निघे. भंडाऱ्याच्या ज्या कुणब्याने त्या देवालयाचे दारही पाहिले नव्हते, त्याच्या शेतसाऱ्याचा अंश त्यात असे. उलट १८४५ च्या सुमारास नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप ज्या फ्री चर्चचे, ते सरकारी आश्रय झुगारूनच १८४३ त स्थापन झालेले. त्यांस बिशप मान्य नव्हता. अँग्लिकनांस बिशपावाचून चर्चच कल्पिता येत नसे. हा वाद स्कॉटलंड-इंग्लंडच्या मातीतला. आमच्याकडील नवख्रिस्ती कुटुंबांनी तो आंदण म्हणून घेतला. त्यांच्या वाट्यास तो यावा, असे त्यांच्या पूर्वायुष्यात काहीच नव्हते.

एकीकरणाच्या वाटाघाटी १९२९ त सुरू झाल्या आणि चाळीस वर्षे चालल्या. या दिरंगाईस आम्ही दोष देणार नाही. बिशपाचा हस्तस्पर्श न झालेल्या आचार्यांची दीक्षा खरी मानावयाची की नाही, हा प्रश्न श्रद्धावंतांस क्षुल्लक नसतो. अखेरीस २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरास, याच ऑल सेंट्समध्ये सहा मंडळ्या मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. बिशपाचे पद राहिले. आणि सर्व मंडळ्यांच्या आचार्यांनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवले.